धाकटीची खोली

तीन खोल्या, तिन्ही एकाच मजल्यावर आणि त्यातल्या दोन खोल्यांच्या मधे दार. मागणं एवढं साधं होतं. पण त्या महागड्या शहरात ते मागितलं की हॉटेलवाले फोनवर गप्पच व्हायचे. फॅमिली रूम म्हणजे दोन पलंग आणि एक खुर्ची. मुलांना मोफत म्हणजे मुलांनी आईबापाच्या अंगावर झोपायचं. खोली ऐसपैस दिसावी म्हणून फोटो काढणारा बहुधा कपाटावर चढून बसत असावा. पण वहिनी, म्हणजे घरातली थोरली सून, शाळेत खेळाची शिक्षिका होती. दरवर्षी मुलींचे संघ घेऊन परगावी मुक्काम करणारी बाई फोटोला भुलते थोडीच! ती सरळ फोन लावून विचारायची, जमिनीवर बॅग उघडी ठेवली तर बाथरूमचं दार उघडतं का? जो अडखळला, त्याचं हॉटेल बाद.

शेवटी तिला जे सुचलं, ते घरात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. स्टेशन आणि बाजार सोडून ती मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या चढावर शोधायला लागली. पेशंटचे नातेवाईक जिथे दिवसेंदिवस मुक्काम ठोकतात, तिथे कपडे धुवायचं मशीन असतं, दूध गरम करायची सोय असते आणि पोरं जिन्यात धावली म्हणून कुणी डोळे वटारत नाही. तिचा अंदाज बरोबर निघाला. कसलंसं मोठं प्रदर्शन भरल्यामुळे शहरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी तिला चौथ्या मजल्यावर हव्या तशा तीन खोल्या मिळाल्या. मोठी खोली तिची, नवऱ्याची आणि दोन मुलींची. तिथल्या सोफ्यावर मधला दीर. मधलं दार उघडलं की सासूबाईंची छोटी खोली. आणि बोळाच्या टोकाला, खिडकीबाहेर झाड असलेली, धाकटीची.

सगळी खटपट त्या टोकाच्या खोलीसाठी होती. धाकटी याच शहरात राहत होती, कवळ्या आणि नकली दात बनवण्याचं काम करत होती आणि उद्या तिची स्वतःची प्रयोगशाळा सुरू व्हायची होती. तिच्या घरात एक माणूस आडवा झाला की दुसऱ्याने उभं राहायचं, म्हणून सगळ्यांना हॉटेल. पण सासूबाईंनी हट्टच धरला होता की आली आहेत तर माझी तिन्ही मुलं एका छपराखाली झोपू देत. घर सोडल्यापासून धाकटी कुटुंबाबरोबर एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. वहिनीने फोनवर तिला गोडीगुलाबीने बरंच समजावलं, तेव्हा कुठे ती तयार झाली. एकाच अटीवर. "वहिनी, मला माझी खोली पाहिजे. आतून कडी लागणारी. आणि त्या खोलीतून मला कुणी उठवायचं नाही." वहिनीने शब्द दिला होता, आणि वहिनी शब्द देते तेव्हा तो पाळायची तजवीज आधी करून ठेवते.

या अटीचं मूळ माहीत नसेल असं त्या घरात कुणी नव्हतं. सासरे गेल्यानंतर सासूबाईंनी एकटीच्या हिमतीवर लॉज चालवला, आणि तो बंद होईपर्यंत त्यांच्या दारातून कुणी परत गेलं नाही. जागा नाही, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. दारात माणूस आला की त्या म्हणायच्या, "बसा, बघू या." त्या 'बघू या'चा अर्थ तिन्ही मुलांना पाठ होता. आपली उशी काखेत मारायची आणि खोली मोकळी करायची. घरचे शेवटी, हा लॉजचा नियम होता. जी खोली उरेल तिथे मुलं झोपत, आणि एकही उरली नाही की चादरींच्या कोठीत. थोरल्याला याची सवय झाली. मधल्याला गंमत वाटायची. धाकटीला मात्र शालान्त परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, एक वऱ्हाड आलं म्हणून, टेबलावरून पुस्तकांसकट उठवलं होतं, आणि कोठीत दिवा नव्हता. पोरगी तरीही पहिल्या वर्गात आली, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. निकाल लागला आणि धाकटीने बॅग भरली, हे सांगायचं काम वहिनीच्या नवऱ्याकडे राहायचं.

तर अशा या घरातली माणसं दुपारी हॉटेलात पोचली. वहिनीने काउंटरवर तिन्ही किल्ल्या ताब्यात घेतल्या. किल्ल्या म्हणजे पत्त्याच्या पानाएवढी कार्डं. धाकटी दात भट्टीतून काढून संध्याकाळी थेट येणार होती. तेवढ्यात वहिनीच्या लहान मुलीला घाईची लागली. थोरला गाडीतून बॅगा उतरवत होता, मधला काचेच्या टाकीतले मासे मोजत होता. वहिनीने दोन कार्डं सासूबाईंच्या हातात ठेवली आणि पोरीला घेऊन धावली.

तिच्या हातून झाली ती चूक एवढीच. जन्मभर ज्या बाईने किल्ल्या वाटल्या, तिच्या हातात किल्ली देऊन ती मागे वळली.

ती परत आली तेव्हा सासूबाई कोचावर ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की वहिनीला तिथेच शंका यायला हवी होती. ती आली नाही. सगळे वर गेले, बॅगा उघडल्या, बाथरूमचं दार खरोखरच उघडत होतं. मग वहिनी धाकटीच्या खोलीत फुलं ठेवावीत म्हणून बोळाच्या टोकाला गेली, तर आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. दार एका तरुण बाईने उघडलं. तिच्या मागे पलंगावर एक दमलेला माणूस बाळाचे मोजे काढत होता आणि खिडकीच्या दांडीवर इवलेसे कपडे वाळत होते.

"या ना," ती बाई म्हणाली. "आजींनी पाठवलं का तुम्हाला?"

हळूहळू सगळं कळलं. बाळाची दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या रुग्णालयात तपासणी होती. या दोघांनी खोली घेतली होती, पण तारीख बरोबर आणि महिना चुकीचा. काउंटरवरची मुलगी इकडेतिकडे फोन करून थकली, गावात कुठेच काही नव्हतं. बाई रडायला लागली, बाळ तर आधीपासूनच रडत होतं. तेव्हा कोचावरून एक आजी उठल्या, "बसा, बघू या" म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं एक कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीला काय करावं कळेना, पण आजींच्या आवाजात असं काही होतं की तिने मुकाट्याने नाव बदलून दिलं.

वहिनी फुलं तिथेच ठेवून परत आली. त्या बाईला बाहेर काढणं तिलाही जमलं नसतं, आणि याचाच तिला जास्त राग आला.

मोठ्या खोलीत मग जी बैठक बसली तिला बैठक म्हणायचं, कारण सगळे बसले होते. मुलींना सासूबाईंच्या खोलीत टीव्ही लावून दिला आणि मधलं दार ओढून घेतलं. थोरल्याने ऐकल्यावर कपाळाला हात लावला. तो जमीन मोजणारा सर्वेअर, एकदा हद्द ठरली की त्याला ती हललेली चालत नाही. आईला तो काही बोलला नाही, कारण आईला तो कधीच काही बोलत नाही. त्याऐवजी त्याने फोन काढला आणि शहरातल्या हॉटेलांना एकेक करून विचारत सुटला. प्रत्येक ठिकाणाहून नकार आला की तो बायकोकडे असा बघायचा, जणू प्रदर्शन तिनेच भरवलं होतं.

मधल्याला यात फारसं काही बिघडलंय असं वाटत नव्हतं. तो जहाजावर स्वयंपाकी होता, सहा महिने पाण्यावर आणि सहा महिने पाहुणा. त्याचं म्हणणं, खाली एक गादी टाकू, सगळे एकत्र झोपू, लहानपणी झोपायचो तसे. मजा येईल. आणि अडचणच वाटत असेल तर सांगू या की हॉटेलने घोळ घातला. हॉटेलं घोळ घालतातच, कुणाला खोटं वाटणार नाही.

"हे मात्र बरं सुचलं तुला," थोरला फोन कानाला लावूनच म्हणाला. एरवी या दोन भावांचं चहात साखर किती यावरही एकमत होत नाही, पण आईला वाचवायचं म्हटलं की दोघे एक होतात. हे वहिनीने लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. धाकटीच्या बाजूने उभं राहायला त्या घरात कायम माणूस कमी पडायचा.

सासूबाई खिडकीशी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "बाळ तापलेलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि धाकटी काय, घरचीच आहे. घरचं माणूस समजून घेतं."

वहिनी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. शाळेत हरलेल्या संघाशी बोलताना ती अशीच बसते, आवाज न चढवता. "आई, घरच्या माणसाने समजून घेतलंच. समजून घेऊन ते घर सोडून गेलं."

मधल्याने घसा खाकरला. थोरल्याचा फोन हातातच राहिला. सासूबाईंशी असं बोलण्याची पद्धत नव्हती, पण वहिनीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता.

"आणि भाऊजी," ती मधल्याकडे वळली, "हॉटेलचं नाव घ्यायचं नाही. त्या काउंटरवरच्या पोरीने काय केलंय? मी धाकटीला शब्द दिलाय. गादी बघून ती आल्या पावली मागे फिरेल, आणि यावेळी मी फोन करून बोलावणार नाही, कारण मला तोंड उरणार नाही. किल्ली आईंनी दिली. तेव्हा तिला काय सांगायचं ते आई सांगतील."

"मी काय सांगू?" सासूबाई म्हणाल्या.

"ते तुम्ही ठरवा."

खरं सांगायचं तर तोड वहिनीला कधीच सुचली होती. तोड भिंतीपलीकडेच होती आणि तिथे या क्षणी मुली टीव्हीवर कार्टून बघत होत्या. पण ती बोलली नाही. सामना चालू असताना कोच मैदानात उतरत नाही, आणि हा सामना तिचा नव्हता. शिवाय सासूबाईंना स्वतःची खोली का हवी असते तेही तिला ठाऊक होतं, आणि ते मागण्याचा हक्क आपल्याला नाही असं तिला मनापासून वाटत होतं.

कारण असं की सासूबाईंच्या तोंडातली कवळी धाकटीने केलेली होती. घर सोडल्यावर धाकटी पत्र पाठवत नसे, फोनवर दोन वाक्यांपुढे जात नसे. पण आईचे दात गेले हे कळल्यावर तिने निरोप धाडला की गावातल्या दंतवैद्याकडून माप घेऊन पाठवा. मग एक छोटी डबी आली. कवळी इतकी बेमालूम बसली की सासूबाईंनी लगेच ऊस खायला मागवला. तेव्हापासून दर काही वर्षांनी माप जायचं आणि डबी यायची, आणि मायलेकींचं जे काही बोलणं व्हायचं ते तेवढंच. ती कवळी काढलेली मात्र कुणी पाहिली नव्हती. दार लावल्याशिवाय सासूबाई ती तोंडातून काढत नसत. मुलांनी पाहिलं नव्हतं, नातींनी नाही, आणि वहिनीने तर नाहीच. आयुष्यभर परक्या माणसांना खोल्या दिलेल्या त्या बाईला म्हातारपणी स्वतःसाठी बंद दार हवं होतं ते एवढ्यासाठी.

सासूबाईंनी पदराचं टोक बोटावरून सोडवलं. मग उठून त्यांनी मधलं दार उघडलं, मुलींना बाहेर काढलं आणि आत काहीतरी आवरल्याचा आवाज येऊ लागला. मधला बघायला उठला, तर वहिनीने त्याला नजरेनेच खाली बसवलं.

संध्याकाळी सासूबाई खाली गेल्या त्या सोबतीला कुणाला न घेता. वहिनी पाठोपाठ गेली, पण माशांच्या टाकीच्या पलीकडे थांबली. थोरला आणि मधलाही आले आणि तिच्या मागे उभे राहिले. तिघांचे चेहरे पाण्यातून हिरवट दिसत होते. काउंटरवरची मुलगी कागद सारखे करण्याच्या निमित्ताने तिकडेच कान लावून होती.

धाकटी आली ती खांद्याला लहानशी बॅग लावून, बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी घेऊन. आईला एकटीच बसलेली पाहून तिची पावलं मंदावली. तिला बहुधा तेव्हाच कळलं असावं. असल्या गोष्टी त्या घरातल्या मुलांना वासावरून कळतात.

"तुझी खोली मी दुसऱ्यांना देऊन टाकली," सासूबाई म्हणाल्या. बस म्हणाल्या नाहीत, कशी आहेस म्हणाल्या नाहीत. "लहान बाळ होतं. विचारलं नाही कुणाला. दिली."

धाकटी हसली. ते हसू वहिनीला बघवलं नाही. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "येताना रस्त्यात मी स्वतःलाच म्हणत होते, की बघ, उशी घेऊन उभी राहशील." तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "उद्या सगळे या. पत्ता वहिनीकडे आहे."

"थांब." सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "ही माझी. मी माझं सामान काढलंय. बाहेरच्या दाराला आतून कडी आहे, मधल्या दारालाही आहे. दोन्ही मी लावून बघितल्या."

"आणि तू?"

"मी सोफ्यावर. मधला खाली."

टाकीमागे मधल्याने तोंड उघडलं आणि थोरल्याने त्याच्या पायावर पाय दिला. धाकटीने कार्ड घेतलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. वहिनीला तिच्या मनातलं अगदी लख्ख दिसत होतं. आज दिली आहे, पण टिकेल का? त्या घरात खोली मिळणं कधीच अवघड नव्हतं, ती तासाभराने हातात राहणं अवघड होतं.

आणि नेमका त्याच वेळी दारातून एक तरुण आत आला. पाठीवर पोतं म्हणावी एवढी बॅग, चेहरा घामेजलेला, पण हातीपायी धडधाकट. त्याने काउंटरवर चौकशी केली. वरच्या बाळाचा तो मामा. त्याला फोनवर बहिणीने सांगितलं होतं, की इथे एक आजी आहेत, त्या काहीतरी करतील. काउंटरवरच्या मुलीने मोठ्या आशेने सासूबाईंकडे बोट दाखवलं. तरुण त्यांच्यासमोर येऊन वाकला आणि म्हणाला की एखादा कोपरा चालेल, कुठेही पडून राहीन.

सासूबाईंची मान त्याच्याकडे वळली, आणि वहिनीच्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा लॉजवाल्या बाईचा झाला. कपाळावरची आठी गेली, हात कमरेच्या पिशवीकडे गेला.

"बसा," त्या म्हणाल्या.

धाकटीने पाऊल मागे घेतलं. वहिनीने टाकीची कड घट्ट धरली. पुढचे दोन शब्द काय येणार हे तिथल्या चौघांना लहानपणापासून किंवा लग्नापासून ठाऊक होतं.

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. हातातल्या कार्डाकडे पाहिलं. त्यांचे ओठ काही वेळ नुसतेच हलले, जणू तो उच्चार तोंडात बसत नव्हता.

"जागा नाही," त्या म्हणाल्या.

"आजी, अहो, खाली जमिनीवरसुद्धा..."

"जागा नाही, बाळा. बहिणीच्या खोलीत विचार. माझ्याकडची ही एकच उरलीये आणि ती माझ्या लेकीची आहे."

तरुण बरं म्हणाला आणि जिन्याकडे गेला. त्याचं काही अडलं नाही, बहिणीच्या खोलीत त्याची सोय होण्यासारखी होती. सासूबाई मात्र धाप लागल्यासारख्या कोचावर बसल्या. काय केलं आपण हे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. धाकटी त्यांच्याजवळ गेली. तिने कार्ड घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मुठीत मिटलं. मग ती टाकीकडे वळून म्हणाली, "या बाहेर, सगळे दिसताय." आणि लिफ्टचं बटण तिनेच दाबलं.

रात्रीचं जेवण खोलीतच झालं, सूप आणि पाव. मुली आत्याला दातांबद्दल नाही नाही ते विचारत होत्या आणि आत्या न कंटाळता सांगत होती. वाघाला कवळी बसवता येईल का, यावर चांगलीच चर्चा झाली. मधल्याने निमूटपणे स्वतःची गादी खाली घातली. जेवणं झाल्यावर धाकटी उठली, उद्या लवकर जायचंय म्हणाली आणि मधल्या दारातून पलीकडे गेली. दार बंद झालं.

सासूबाई सोफ्यावर बसून राहिल्या. दिवा मालवायची वाट बघत असतील, असं वाटून वहिनी बटणाकडे गेली. पण सासूबाईंनी पाण्याचा पेला मागितला. तो सगळ्यांसमोर मांडीवर घेतला, आणि दोन बोटांनी कवळी काढून पाण्यात सोडली. त्यांचे गाल एकदम आत गेले. कधी न पाहिलेली एक छोटीशी म्हातारी तिथे बसली होती. थोरल्याने नजर खाली घातली. धाकटी नात म्हणाली, "आजी, तू किती वेगळी दिसतेस." सासूबाई हिरड्यांनीच हसल्या.

त्याच वेळी पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला. अर्धवट नाही, पुरती, खट्टकन. पाठोपाठ बाहेरच्या दाराचीही लागली.

"लावली बघ कडी," मधला खालून म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी नाराजी होती. "आपल्याच माणसांना."

"लावू दे," सासूबाई म्हणाल्या. दात नसल्यामुळे शब्द मऊ झाले होते, पण सगळ्यांना नीट कळले. "खोली तिची आहे."